पेशीविभाजनाचा स्लाइडसंच: मायटोसिसचे पैसे वाचवा, मिऑसिसचे बघून द्या

बारावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवस जवळ आले की सोलापूरच्या नवी पेठेत शालेय आणि प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत पेशीविभाजनाचे संच पुढच्या फळीवर येतात. इथे ज्या खोक्याबद्दल लिहिलं आहे त्यात बारा तयार स्लाइड, घरी स्लाइड करण्यासाठी रंगाचं किट, लॅमिनेट केलेला एक तक्ता आणि फोमच्या गुणसूत्रांचं मॉडेल असा ऐवज आहे. अशाच मांडणीचे संच तीन-चार नावांनी विकले जातात आणि बऱ्याचदा आतला माल एकाच ठिकाणाहून आलेला असतो. म्हणून नावाकडे बघू नका, काचेकडे बघा.

निकाल आधीच सांगून टाकतो. बारापैकी चार स्लाइड मायटोसिसच्या, म्हणजे सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या तितक्याच गुणसूत्रांच्या दोन पेशी) आहेत आणि त्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही. उरलेल्या आठ मिऑसिसच्या, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (लागोपाठ दोन विभाजनं, शेवटी गुणसूत्रं निम्मी). त्यांतल्या पाच चांगल्या, एक उत्कृष्ट, एक चुकीच्या लेबलाची आणि एक भलत्याच वनस्पतीची. किटमधला रंग चांगला; फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी थिजवणारं द्रावण, टाकाऊ. तक्त्यात तीन ढोबळ चुका. मॉडेल मात्र वर्गात खरंच उपयोगी पडतं.

मायटोसिसच्या चार स्लाइडवर प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज अशी विभाजनाच्या क्रमवार चार अवस्थांची लेबलं आहेत. भिंगाखाली धरल्या की चारही एकाच मालाच्या निघतात: कांद्याच्या मुळाच्या टोकाचा उभा काप. फरक काय तो कव्हरस्लिपवरच्या शाईच्या ठिपक्याचा. 'मेटाफेज'च्या स्लाइडवर ठिपक्याजवळ मेटाफेज आहे, पण दोन रांगा सोडून अ‍ॅनाफेजही आहे आणि आजूबाजूला प्रोफेज हवे तितके. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, मुळाचा स्वभावच तसा. टोकातली प्रत्येक पेशी आपापल्या घड्याळावर चालते, त्यामुळे एकाच कापात सगळ्या अवस्था शेजारी शेजारी मिळतात. मग एकाच चित्राचे चारदा पैसे का मोजायचे? एक स्लाइड पुरते.

दुसरी अडचण कापाचीच. मायक्रोटोम या यंत्राने दहा-बारा मायक्रॉन जाडीचा काप घेतला की पेशींच्या रांगा सुरेख दिसतात, पण गुणसूत्रं पात्याखाली तुटतात. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात. या स्लाइडवर कुठल्याही मेटाफेजमध्ये मोजायला बसा, आकडा 9 येतो, 11 येतो, 16 काही येत नाही. मोजणी हवी असेल तर पेशी अख्खी राहून चपटी झाली पाहिजे, म्हणजे स्क्वॉश पाहिजे. संचातल्या मिऑसिसच्या स्लाइड, शेवटची सोडून, स्क्वॉशच्या आहेत, मायटोसिसच्या कापाच्या. मायटोसिस आणि मिऑसिस यांची तुलना करायला घेतलेल्या संचात हा फरक नडतो, कारण तुलनेचा कणा म्हणजे मोजणीच. एकीकडे 16 मोजता आले पाहिजेत, दुसरीकडे 8 जोड्या. नाहीतर विद्यार्थी पाठ केलेलं वाक्य वहीत उतरवतो आणि स्लाइड नावापुरती राहते.

आता मिऑसिसच्या आठ स्लाइड. पैकी सहा कांद्याच्या कळीतल्या परागकोशाच्या. यांची लेबलं वेगळी आहेत आणि आतला मालही खरोखर वेगळा आहे. परागकोशातल्या परागमातृपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पराग होतात त्या पेशी, एकमेकींशी पेशीद्रव्याच्या वाटांनी जोडलेल्या असतात आणि बऱ्याच अंशी एकाच वेळी विभाजनाला लागतात. त्यामुळे एका परागकोशात बहुतेक पेशी एकाच किंवा लगतच्या अवस्थेत सापडतात. पॅकिटीन या पहिल्या प्रोफेजच्या मधल्या टप्प्याची स्लाइड हवी तर त्या वयाची कळीच गाठावी लागते. ती शोधण्यात कारागिराचे दिवस जातात, आणि पैसे द्यायचे तर या मेहनतीला द्यावेत.

पहिली स्लाइड लेप्टोटीन-झायगोटीनची, म्हणजे पहिल्या प्रोफेजच्या सुरुवातीच्या टप्प्यांची. गुंतलेल्या सुतासारखं दिसतं, फार काही उलगडत नाही. कोणत्याही संचात ती अशीच असते, त्यामुळे तक्रार नाही. पॅकिटीनमध्ये सूत जाड झालेलं आणि नीट बघितलं तर दुपदरी. जनुकांची अदलाबदल इथेच घडते, पण साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. दुकानदार 'क्रॉसिंग ओव्हर दिसतं' म्हणून हीच स्लाइड पुढे करतो, तेव्हा मान डोलावू नका. दिसतात ते अदलाबदलीचे मागे राहिलेले सांधे, म्हणजे कायाझ्मा, आणि ते पुढच्या डिप्लोटीन-डायाकायनेसिसच्या स्लाइडवर.

ही तिसरी स्लाइड मात्र वेळ काढून बघण्यासारखी आहे. दहाच्या भिंगाने गोल पेशींचा विरळ थवा शोधा, चाळीसवर जा, बारीक स्क्रू केसभर पुढे-मागे करत राहा. एका पेशीत आठ वेगवेगळ्या आकृत्या सापडतील. काही फुलीसारख्या: मधे एकच सांधा, चार हात बाहेर. काही कड्यासारख्या: दोन्ही टोकांना सांधे, मधे पोकळी. एखादी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, पीळ पडलेली. प्रत्येक आकृती म्हणजे समजात (एक आईकडचं, एक बापाकडचं) गुणसूत्रांची एक जोडी, दोन गुणसूत्रं, चार क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राचे उभे पदर. आठ आकृत्या मोजून झाल्या की 16 चा हिशेब आपोआप लागतो. संचातल्या या स्लाइडवर मोजता येतील अशा, एकमेकींवर न चढलेल्या सात-आठ पेशी आहेत, आणि स्क्वॉशसाठी ही संख्या चांगली म्हणायची. रंग हिमॅटॉक्झिलिनचा, निळसर काळा आणि टिकाऊ. कारमाइन लावून पक्क्या केलेल्या स्वस्त स्लाइड काही वर्षांत फिक्या पडतात, तो धोका इथे कमी.

मेटाफेज पहिला आणि अ‍ॅनाफेज पहिला या दोन स्लाइड शेजारी ठेवून मायटोसिसशी ताडून बघा. मायटोसिसच्या मेटाफेजमध्ये 16 गुणसूत्रं एकेकटी मध्यावर येतात. प्रत्येकाचा गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन पदर जोडणारी जागा, बरोबर मधल्या प्रतलावर, बाहू बाहेर लोंबणारे. मिऑसिसच्या पहिल्या मेटाफेजमध्ये आठ जोड्या येतात, आणि जोडीतले दोन गुणसूत्रबिंदू प्रतलाच्या अल्याड-पल्याड उभे असतात, मधे सांधे ताणलेले. अ‍ॅनाफेजला फरक आणखी उघडा पडतो. मायटोसिसमध्ये ध्रुवाकडे निघालेलं प्रत्येक गुणसूत्र एकेरी, साधारण इंग्रजी 'व्ही'सारखं, आणि दोन्हीकडे 16-16. मिऑसिसच्या पहिल्या अ‍ॅनाफेजमध्ये दोन्हीकडे 8-8, पण प्रत्येक गुणसूत्र अजून दुहेरी. बिंदूपाशी चिकटलेलं, पुढे बाहू फाकलेले, जणू एकाच 'व्ही'च्या दोन प्रती देठापाशी धरल्या आहेत. असं का होतं? क्रोमॅटिडांना बांधून ठेवणारं कोहेसिन नावाचं प्रथिन या टप्प्यावर फक्त बाहूंवरून तोडलं जातं. बिंदूपाशी शुगोशिन नावाचं दुसरं प्रथिन त्याला राखून ठेवतं. जपानीत या नावाचा अर्थच रक्षक देवता असा आहे. मायटोसिसमध्ये बिंदूपाशीही गाठ सुटते आणि क्रोमॅटिड वेगळे होतात. संचातल्या अ‍ॅनाफेज पहिल्याच्या स्लाइडवर हे फाकलेले बाहू चाळीसच्या भिंगातही ओळखू येतात. कांद्याची गुणसूत्रं लांबलचक असल्यामुळे हे जमतं. कांद्याचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे.

सहावी स्लाइड मात्र गडबडलेली. लेबल 'मेटाफेज दुसरा', आणि ठिपक्याजवळची पेशी एकटी, गोल, आत आठ ठसठशीत जोड्या. म्हणजे मेटाफेज पहिलाच. ओळखायची खूण सोपी आहे. कांदा एकदलिकित. त्याच्या परागमातृपेशीत पहिल्या विभाजनानंतर लगेच मधे भिंत पडते, त्यामुळे दुसरं विभाजन नेहमी दोन अर्धगोल पेशींच्या जोडीत दिसायला हवं. दोन शेजारपेशी, प्रत्येकीत एकेक पट्टी, पट्टीत आठ गुणसूत्रं. भिंत नसेल आणि पेशी एकटी असेल तर कांद्यात तो मेटाफेज दुसरा नाही. ही चूक या संचापुरती नाही, दुकानात चाळलेल्या दुसऱ्या दोन खोक्यांतही हेच. स्लाइडच्या कडेला जरा शोधलं तर काही ठिकाणी भिंत पडलेल्या जोड्या आणि दोन-चार चौकड्या, म्हणजे चार पेशींचे गट, सापडतात, म्हणजे माल अगदीच वाया गेलेला नाही. पण परीक्षेत ठिपका बघून उत्तर लिहिणाऱ्याची पंचाईत.

सातवी स्लाइड ऱ्होइओची, कुंड्यांत लावतात त्या जांभळ्या पोटाच्या पानाच्या झाडाची. लेबलावर नुसतं 'मिऑसिस, मेटाफेज पहिला'. इथे जोड्या शोधू नका, मिळायच्या नाहीत. ऱ्होइओत 12 गुणसूत्रं आहेत, पण त्यांच्या तुकड्यांची आपसात अशी अदलाबदल झालेली आहे की मिऑसिसमध्ये बाराही एकमेकांना टोकांनी धरून कडं किंवा साखळी करतात. अभ्यासू माणसाला हा खजिना आहे. पण पहिल्यांदा मिऑसिस बघणाऱ्या मुलाला 'सहा जोड्या मोज' म्हणून ही स्लाइड देणं म्हणजे त्याला उगाच छळणं. तयार करणाऱ्यांनी ती घेतली कारण ऱ्होइओ बारमाही फुलतो आणि फुलं तोडायला सोपी. सोय त्यांची, गोंधळ आपला.

आठवी नाकतोड्याच्या वृषणाची. खोक्यात सगळ्यात भारी हीच. वृषणातल्या एका नळीचा उभा काप आहे. एका टोकाला मायटोसिस करणाऱ्या पेशी, मग पुड्यांत बांधल्यासारखे पेशींचे गट, प्रत्येक गट एकाच अवस्थेत, आणि शेवटी शेपट्यांचे शुक्रपेशींचे जुडगे. स्लाइड सरकवत गेलं की मायटोसिस कुठे संपतं आणि मिऑसिस कुठे सुरू होतं ते एकाच पट्टीत दिसतं. नेहमीच्या टोळांत नरात 23 गुणसूत्रं असतात: 11 जोड्या आणि जोडीदार नसलेलं एक 'एक्स'. पहिल्या प्रोफेजमध्ये बाकी सूत सैल असताना हे 'एक्स' घट्ट गोळा होऊन काळंभोर दिसतं. मुलं हटकून त्याला केंद्रकी म्हणतात. स्लाइड कापाची असली तरी इथे तक्रार नाही, कारण या स्लाइडचं काम मोजणी नाही, क्रम दाखवणं आहे.

काचेच्या कामाबद्दल दोन गोष्टी. तीन स्लाइडवर डीपीएक्सचा, म्हणजे कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या द्रवाचा, थर इतका जाड आहे की चाळीसचं भिंग खाली आणताना कव्हरस्लिपला टेकतं. चाळीसच्या भिंगाला समोर जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची जागा असते, तिथे जाड थर चालत नाही. तेलाचं शंभरचं भिंग तर विसराच. दोन स्लाइडच्या कोपऱ्यांत बुडबुडे आहेत, ते आज निरुपद्रवी वाटतात पण उन्हाळ्यात आत सरकतात. चाळीसवर चित्र मुळीच धरत नसेल तर आधी स्लाइड उलटी ठेवली नाही ना ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तक्त्याबद्दल थोडक्यात. मायटोसिसच्या रांगेला 'कांद्याची पेशी' असं शीर्षक आणि चित्रात दोन्ही ध्रुवांवर ताराकेंद्रं. कांद्याच्या पेशीत ताराकेंद्र नसतं, गुणसूत्रं ओढणारे तुर्कतंतू त्याच्याशिवाय तयार होतात. दुसरी चूक, शेवटच्या चित्रात पेशी मधोमध आवळलेली दाखवली आहे. वनस्पतीपेशी आवळत नाही, मधे पेशीपट्टी तयार होऊन ती बाहेरच्या बाजूला वाढत जाते. तिसरी चूक जास्त महाग पडणारी: मिऑसिसच्या पहिल्या अ‍ॅनाफेजमध्ये गुणसूत्रबिंदू दुभंगलेले काढले आहेत. तसं झालं तर दुसऱ्या विभाजनाला काम उरतच नाही. 'नीट' प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नांत नेमका हाच फरक विचारतात. तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर मार्कर घेऊन आधी दुरुस्त करा.

मॉडेल फोमचं, लाल आणि निळ्या रंगात, चार गुणसूत्रांचं. बिंदूच्या जागी लहान चुंबक, बाहूंची टोकं खाचेतून निघणारी. लाल-निळी टोकं बदलून अदलाबदल करून दाखवता येते, मग जोड्या वेगळ्या, मग क्रोमॅटिड वेगळे. एका अदलाबदलीनंतर त्या जोडीच्या चार क्रोमॅटिडांपैकी दोनच मिश्र होतात आणि दोन जुनेच राहतात, हे हातात धरल्यावर जसं पटतं तसं फळ्यावर पटत नाही. माहितीपत्रकात मात्र चारही क्रोमॅटिडांची टोकं बदलायला सांगितलं आहे, ते करू नका. अदलाबदल न करता नुसत्या जोड्या उलटसुलट मांडून बघा: दोन जोड्यांतून 4 प्रकारचे युग्मक येतात. कांद्याच्या आठ जोड्यांना 256 आणि माणसाच्या तेवीस जोड्यांना 83,88,608. चुंबक कमजोर आहेत, फळ्यावर उभं लावलं की पडतात. टेबलावर आडवं मांडा.

आता किट, कारण घरी हात काळे करायचे ते यानेच. त्यात 30 मिली अ‍ॅसिटोकारमाइन, 30 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, 60 मिली तयार फिक्सेटिव्ह, स्लाइड, कव्हरस्लिप, सुया, चिमटा. रंग चांगला गाळलेला आहे, तळाशी गाळ नाही. एका स्लाइडला तीन-चार थेंब धरले आणि वीस थेंबांचा एक मिली धरला तर एका बाटलीत दीडशे स्लाइड होतात. एका वर्गाला दोन वर्षं पुरेल.

फिक्सेटिव्ह मात्र फेकून द्यायच्या लायकीचं. अ‍ॅसिटिक आम्ल एक भाग, इथेनॉल तीन भाग हे मिश्रण आयत्या वेळी करायचं असतं. बाटलीत महिनोन् महिने पडलं की आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांत मुरून त्यांचं इथाइल अ‍ॅसिटेट होतं, आणि पेशी जागच्या जागी थिजवण्याची ताकद जाते. झाकण उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला की समजा, माल शिळा. शुद्ध इथेनॉल परवान्याशिवाय सुटं मिळत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ताजं मिश्रण करून घेणं सगळ्यात बरं. थंडीत पहाटे अ‍ॅसिटिक आम्लाची बाटली बर्फासारखी गोठलेली दिसली तर घाबरू नका. ते 16.6 अंशाला गोठतं, कोमट पाण्यात बाटली धरली की पातळ होतं.

आम्लाच्या बाटलीवर '1 नॉर्मल' ही तीव्रता लिहिली आहे आणि माहितीपत्रक म्हणतं, रंगात एक थेंब टाका. इथे दोन पद्धतींची खिचडी झाली आहे. रंगात थेंब टाकायचा तो 0.1 नॉर्मलचा. एक मिली आम्लात नऊ मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की तो तयार. 1 नॉर्मल वापरायचं ते रंगाआधी वेगळं, 60 अंशाला पाच ते दहा मिनिटं, मुळं मऊ पडण्यासाठी. माहितीपत्रकाबरहुकूम केलं तर ऊतक लगदा होतं आणि गुणसूत्रं फिकी राहतात. घरी 60 अंशाचं पाणी हवं तर उकळतं आणि साधं पाणी सारखं मिसळा. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असतं, तेव्हा साधं थोडं जास्त.

कृती अशी. कांदा जुना, कोरडा, कोंब दिसू लागलेला घ्या. नव्या काढणीचा कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला फार वाट पाहावी लागते. सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात जो लाल कांदा ढिगाने येतो तो ताजा आणि ओला असतो, दिसायला देखणा पण या कामाला निरुपयोगी, पाण्यावर ठेवला की कुजतो. वाळक्या मुळ्या ब्लेडने खरवडा, बुडाची चकती कापू नका. काचेच्या ग्लासावर असा बसवा की फक्त चकती पाण्याला टेकेल. बोअरचं जड पाणी टाळा, बुडाला पांढरा थर बसतो. नळाचं पाणी साठवून ठेवलेलं असतंच, एक रात्र उघडं राहिलेलं वापरा आणि रोज बदला. तीन ते पाच दिवसांत दोन-तीन सेंटीमीटरची मुळं येतात. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असताना ग्लास माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवा, नाहीतर मुळं तपकिरी पडतात. कांदा दगा देत असेल तर लसणाची पाकळी लावा. तिचीही गुणसूत्रं 16, आणि मुळं लवकर येतात.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मुळांची टोकं कापून ताज्या फिक्सेटिव्हमध्ये 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. मोजणी करायची असेल तर फिक्सेटिव्हआधी मुळं बर्फाच्या पाण्यात फ्रिजमध्ये 24 तास ठेवा. थंडीने तुर्कतंतू मोडतात, गुणसूत्रं आखूड आणि सुटी होतात, 16 मोजता येतात. अवस्था बघायच्या असतील तर मात्र हे करू नका, अ‍ॅनाफेज मिळणारच नाही.

स्लाइडवर एक मूळ, दोन-तीन थेंब रंग, एक थेंब 0.1 नॉर्मल आम्ल. स्पिरिटच्या दिव्यावरून स्लाइड फिरवत कोमट करा. हाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकंच. वाफा आल्या की थांबा, उकळलं तर रंगाचे दाणे पडतात आणि मुलं त्यांनाच गुणसूत्रं समजून मोजतात. पाच ते दहा मिनिटांनी बघा, टोकाचा भाग जास्त गडद झालेला असेल. तो दोन मिलिमीटर ठेवा, बाकीचं फेका. नव्वद टक्के बिघाड इथे होतो: चिमट्यात टोक निसटतं आणि मागचा फिका देठच कव्हरस्लिपखाली जातो. तिथे लांबट पेशी असतात, विभाजन नाही. मग ताज्या रंगाचा थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद, पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने हलके ठोके, शेवटी अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर तिरका सरकला की गुणसूत्रं फरफटतात आणि शेवटी रेघोट्याच बघाव्या लागतात. पेशी थरावर थर दिसत असतील तर आम्लाचा वेळ कमी पडला, पेशी फुटलेल्या आणि रंगहीन असतील तर जास्त झाला. उन्हाळ्यात रंग कडेने सुकतो, नेलपॉलिशची कड ओढून घ्या.

विभाजन दिसत नाही म्हणून किटला दोष देऊ नका. बहुतेक पेशी अंतरावस्थेतच असणार. माणसाच्या पेशीत चोवीस तासांच्या चक्रात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो, कांद्याच्या मुळांतही प्रमाण तसंच कमी. 300 पेशी मोजल्या आणि 24 विभाजनात सापडल्या तर विभाजनाचा निर्देशांक 8 टक्के, आणि त्यातही प्रोफेज सर्वांत जास्त.

एवढं जमलं की मायटोसिसच्या विकत घेतलेल्या स्लाइडचा मोह राहत नाही. आणि याच किटने मिऑसिसही करता येतं, फक्त हंगाम साधायला हवा. जिल्ह्यात बियाण्यासाठी कांदा लावतात त्या वावरात जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे येतात. शेतकऱ्याला विचारून एकच गोंडा घ्या, त्याचं ते बी असतं. गोंड्यातल्या कळ्या एकाच वयाच्या नसतात, म्हणून एका गोंड्यात बऱ्याच अवस्था मिळतात. दोन-तीन मिलिमीटरच्या, न उमललेल्या कळ्या निवडा. परागकोश पिवळा झाला असेल तर उशीर झाला, पराग तयार झालेत. हिरवट, अर्धपारदर्शक असेल तर आत सापडेल. 24 तास फिक्स करून परागकोश रंगाच्या थेंबात लोखंडी सुईने फोडा. सुईतलं लोखंड रंग गडद करतं, स्टीलची सुई इथे कामाची नाही. कोशाची साल काढून टाका, मग कव्हरस्लिप. आम्लाची गरज नाही, या पेशी सुट्याच असतात. रब्बी ज्वारी पोटरीत असताना कणसातल्या कळ्यांतही मिऑसिस मिळतं, 10 जोड्या. पण ज्वारीची गुणसूत्रं कांद्यापेक्षा बरीच लहान, पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नका.

खरेदीबद्दल. या खोक्याची 'डीलक्स' आवृत्तीही आहे, जास्तीच्या पैशात कोल्चिसिनची कुपी मिळते. मुलांसाठी घेत असाल तर ती नाकारा. कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही असतं आणि ते जहाल विष आहे. तुर्कतंतू मोडायचं तेच काम बर्फाचं पाणी फुकट करतं. पूर्ण संच घेण्यापेक्षा सुट्या स्लाइड मागा, काउंटरवर नाही म्हणाले तरी आतून बऱ्याचदा निघतात. नाकतोड्याचं वृषण, कांद्याच्या कळीचं डायाकायनेसिस आणि अ‍ॅनाफेज पहिला, अशा तीन पुरे. पैसे देण्याआधी दुकानातच सूक्ष्मदर्शक मागा आणि चाळीसचं भिंग खाली येतं का, ठिपक्याखाली लेबलातली अवस्था आहे का, एका पेशीत आठ आकृत्या मोजता येतात का, एवढं बघा. सूक्ष्मदर्शक नाही म्हणणाऱ्या दुकानात काच घेऊ नका. घरी आणल्यावर पेटी अशी ठेवा की स्लाइड आडव्या राहतील. डीपीएक्स पुरतं वाळलेलं नसेल तर मेच्या उकाड्यात उभ्या स्लाइडची कव्हरस्लिप खाली घसरते, आणि तिच्याबरोबर शाईचा ठिपकाही.